फ्लॅटचा विसार देण्याआधी सोसायटीचे नियम बघून घ्या

जुन्नर-आंबेगाव : टोमॅटोचे नाहीतर कांद्याचे बरे पैसे झाले, की पोरांच्या शिक्षणासाठी फ्लॅट घ्यायचा विषय घरात निघतो. कोणी नारायणगाव, मंचरला बघतो, कोणी थेट चाकण, मोशी, भोसरीला. जमीन घेताना आपण सातबारा, फेरफार सगळं बघतो. फ्लॅट घेताना मात्र सोसायटीचे नियम कोणी वाचत नाही. आमच्या घरातच ही चूक झाली. चुलतभावाने मोशीकडे फ्लॅट घेतला आणि पहिल्याच दिवशी वॉचमनने पिकअप गेटवर अडवली. मालवाहू गाडी आत लावायची नाही, असा ठराव आधीच झालेला होता. आता गाडी रात्रभर रस्त्यावर उभी असते.

आधी एवढं विचारा, सोसायटी आहे की अपार्टमेंट? सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्या नियमांना उपविधी म्हणतात. अपार्टमेंटला १९७० चा वेगळा कायदा आहे, तिथे घोषणापत्र बघायचं. दोन्ही नसेल, तर कारभार अजून बिल्डरच्याच हातात आहे असं समजा.

मग विकणाऱ्याकडून या गोष्टी मागून घ्या. तो सभासद असल्याने त्याला कागद मिळतात.

१) उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव : गाडी, कुत्रं-मांजर, भाडेकरू, घरातलं बांधकाम यांचे नियम इथे सापडतात. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली असेल, तर तेही कळतं.

२) थकबाकी नसल्याचा दाखला : मेंटेनन्स थकलेला असेल, तर सोसायटी तुमचं नाव लावताना तो आधी मागते.

३) पार्किंग : मोकळी किंवा इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. कोणी 'पार्किंगचे वेगळे द्या' म्हणालं, तर सावध व्हा.

४) नाव लावण्याचा खर्च : शासनाने २००१ मध्ये हस्तांतरण अधिमूल्याला मर्यादा घातली. महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५,००० रुपये. देणगी म्हणून त्यावर पैसे मागता येत नाहीत.

५) भाड्याने द्यायचा असेल तर : बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

६) जमीन कोणाच्या नावावर : बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली का, ते विचारा. दिली नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. पण त्याला वेळ आणि पैसा लागतो.

विसार पावतीत एक ओळ लिहून घ्याच : 'खरेदीखताच्या दिवसापर्यंतची सोसायटीची सर्व बाकी विकणाऱ्याने भरायची.' तोंडी शब्दावर राहू नका.

सोसायटी जास्त पैसे मागत असेल किंवा नाव लावायला टाळाटाळ करत असेल, तर तिथल्या उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कागद दाखवायला विकणारा कुरकुर करत असेल, तर विसार खिशातच ठेवा. फ्लॅट दुसरा मिळेल, वर्षाच्या पिकाचे पैसे परत मिळत नाहीत.