थेंबाला थेंब भेटतो कसा?

मागच्या व्याख्यानात आपण बाष्पापासून ढगाचा कण कसा बनतो ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ: त्या कणाचा पाऊस कसा होतो?

आधी हिशेब बघा. ढगातल्या कणाची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन, पावसाच्या थेंबाची १ मिलिमीटर. म्हणजे एका थेंबात सुमारे १० लाख कणांचं पाणी! बाष्प साचून कण वाढतो, पण १५-२० मायक्रॉनपुढे ही वाढ रखडते. आदळून, एकमेकांत मिसळून वाढायचं, तर कण ४० मायक्रॉनच्या आसपास हवा. त्याहून लहान, सारख्या आकाराचे कण सारख्याच वेगानं खाली येतात. मग ते भेटणार कसे? तरीही ढग अर्ध्याएक तासात बरसू लागतो.

१९३० च्या दशकात तोर बर्जेरॉन यांनी बर्फकणांचं उत्तर दिलं. थंड प्रदेशातल्या ढगांना ते लागू पडलं. पण उष्ण कटिबंधात बर्फाचा कणही नसलेले ढग पाऊस देतात, त्यांचं काय? १९३९ मध्ये आरेनबर्ग यांनी ढगातल्या हवेच्या खळबळीकडे, म्हणजे टर्ब्युलन्सकडे बोट दाखवलं. १९५६ मध्ये सॅफमन आणि टर्नर यांनी त्याचं गणित मांडलं: शेजारचे दोन कण वेगवेगळ्या वेगाच्या हवेत सापडले, तर सारख्या आकाराचे असूनही आदळतात. मात्र खळबळ जोरदार हवी. साध्या ढगात ती पुरेल का, ही शंका उरलीच.

पुढे १९८७ मध्ये मॅक्सी यांनी दाखवलं, की भोवरे जड कणांना बाहेर लोटतात आणि भोवऱ्यांच्या मधल्या जागेत कणांची दाटी होते. २००२ मध्ये फाल्कोविच आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जोडली. राखणदार गोफण फिरवून दगड सोडतो ना, तसे भोवरे काही कणांना भिरकावतात आणि ते दुसऱ्या कणांवर जाऊन आपटतात.

हा वाद केवळ कागदावरचा नाही. उबदार ढगांत मिठाचे कण फवारून पाऊस पाडायचा, म्हणजे हीच अडलेली पायरी ओलांडायला मदत करायची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर भागात असे प्रयोग केले आहेत. ढग स्वतःच्या खळबळीनं किती पुढे जातो, हे कळल्याशिवाय फवारणीनं किती पाऊस वाढला हे ठरवायचं कसं? दुष्काळी गावाच्या दृष्टीनं प्रश्न तोच आहे.