मायक्रोग्रीन्सची घरगुती साठवण

बीजपत्रे पूर्ण उघडल्यावर, पहिली खरी पाने फुटण्याच्या सुमारास मुळाच्या वरून कापून खाल्ल्या जाणाऱ्या कोवळ्या रोपांना मायक्रोग्रीन्स म्हणतात. मुळा, मोहरी, मेथी, राजगिरा, अळीव, सूर्यफूल इत्यादींची मायक्रोग्रीन्स घरी वाढवता येतात. बहुतेक प्रकार पेरणीनंतर ७ ते २१ दिवसांत कापणीस येतात. मोड आलेली कडधान्ये बी व मुळासह खाल्ली जात असल्याने या प्रकारात गणली जात नाहीत. मुंबईच्या बाजारात लहान जुड्यांनी विकली जाणारी समुद्रमेथी ही मात्र यांची जवळची नातलग म्हणता येईल. ती वाळूत वाढवून मुळांसकट उपटली जाते.

कापणीनंतर होणारे बदल

कापलेल्या रोपाचे श्वसन चालूच राहते, परंतु मुळांकडून होणारा पाण्याचा पुरवठा तुटतो. पाने पातळ व देठ नाजूक असल्याने ती लवकर कोमेजतात. तापमान १० अंशांनी वाढल्यास भाज्यांच्या श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. यामुळे उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेली मायक्रोग्रीन्स काही तासांतच मलूल होतात. दुसरीकडे, पानांवर पाणी साचल्यास कुजण्याची क्रिया सुरू होते. घरगुती साठवणीत कोमेजण्यापेक्षा कुजण्यानेच अधिक नासाडी होते, कारण ती ताजी राहावीत म्हणून अनेकदा धुऊन, ओलीच डब्यात भरली जातात.

साठवण

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लागेल तेवढीच कापणी करणे. ट्रेमधील उरलेली रोपे थंड, हवेशीर जागी आणखी काही दिवस टिकतात. कापून ठेवायची असल्यास कापणीपूर्वी काही तास वरून पाणी देऊ नये. रोपे न धुता, कोरड्या टिश्यू पेपरवर किंवा स्वच्छ सुती कापडावर सैलसर पसरून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. दाबून भरल्यास देठ चिरडतात व तेथूनच सड सुरू होते. कागद ओलसर झाल्यास बदलावा. धुणे खाण्याच्या वेळीच करावे. आधी धुणे अपरिहार्य असल्यास पाणी पूर्ण निथळू द्यावे.

फ्रिजमधील तापमान ५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून किंचित कमी असावे. डबा मागील भिंतीला टेकवू नये. तेथे पाने गोठून काळी पडतात. सफरचंद, केळी व पिकलेले टोमॅटो यांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने पिवळी पडत असल्याने ही फळे दूर ठेवावीत. सब्जाची कोवळी रोपे या नियमाला अपवाद आहेत: फ्रिजच्या थंडीने त्यांची पाने काळवंडतात, म्हणून ती ताजी कापूनच वापरणे इष्ट. फ्रीझरमध्ये गोठवलेली मायक्रोग्रीन्स कच्ची खाण्याजोगी राहत नाहीत. चटणी किंवा पराठ्यांच्या कणकेत त्यांचा उपयोग होऊ शकतो.

सुरक्षितता

थंडीमुळे जिवाणूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. लिस्टेरियासारखे जिवाणू तर फ्रिजच्या तापमानातही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत ५० हून अधिक लोक दगावले. त्या साथीचा माग मेथीच्या बियाण्यापर्यंत लागला होता. मायक्रोग्रीन्समध्ये बी खाल्ले जात नसल्याने धोका तुलनेने कमी असला, तरी बियाणे, पाणी व कात्री यांची स्वच्छता साठवणीइतकीच महत्त्वाची ठरते. देठ बुळबुळीत झाल्यास, आंबूस वास आल्यास किंवा बुरशी दिसल्यास संपूर्ण डबाच टाकून द्यावा. खराब भाग निवडून उरलेली रोपे खाऊ नयेत. बियाण्याजवळच्या मुळांवर दिसणारी पांढरी लव मात्र बहुधा मूलरोम असतात. पाणी शिंपडताच ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात, बुरशी तशी नाहीशी होत नाही.