नात्यातला हेर

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्सर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचं कोडं सोडवत बसले होते. त्यापासून केलेलं कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं, पण गढूळच राहिलं. नितळ झालं ते १७८.५ अंशांना. मधला तो पदार्थ वाहतो द्रवासारखा, प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. हाच पुढे द्रवस्फटिक म्हणून ओळखला गेला.

त्यातले लांबट रेणू साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, पण प्रत्येक जण सतत डुलतो, गिरक्या घेतो. ही हालचाल मोजायची कशी? १९४४ मध्ये कझानला येव्हगेनी झावोइस्की यांनी एकट्या इलेक्ट्रॉनचा चुंबकीय अनुनाद टिपला होता. द्रवस्फटिकात मात्र सगळे इलेक्ट्रॉन जोडीने नांदतात. तिथून संदेश येणार कुठून? म्हणजे पाहुणा धाडणं आलं. १९६४ मध्ये कॅरिंग्टन आणि लकहर्स्ट यांनी द्रवस्फटिकात मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले रेणू, विरघळवून त्यांचे वर्णपट घेतले.

टिकाऊ पाहुणे नायट्रॉक्साइडच्या घराण्यात मिळाले. १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या हार्डन मॅककॉनेल यांच्या गटाने ते प्रथिनांना जोडले, त्याला नाव पडलं ‘स्पिन लेबल’. रेणूला न जोडता नुसता मिसळला, की तोच ‘स्पिन प्रोब’.

नायट्रॉक्साइडमधला नायट्रोजन संदेशाच्या तीन रेषा करतो. त्यांच्यातलं अंतर रेणू चुंबकीय क्षेत्राशी कसा उभा आहे यावर ठरतं: एका अक्षावर सुमारे ३२ गॉस, आडव्या अक्षांवर जेमतेम ६. रेणू सगळीकडे भराभर गरगरला, तर सरासरी १५ च्या आसपास येते. अंतरावरून शिस्त कळते, रेषांच्या रुंदीवरून वेग. हालचाल मंदावली की रेषा वेड्यावाकड्या होतात. त्यांचा अर्थ लावणारं गणित १९७० च्या दशकात कॉर्नेलचे जॅक फ्रीड यांच्या गटाने घडवलं.

पण या पाहुण्या हेराचा घाटही महत्त्वाचा. टेम्पो हा छोटा, गोलसर नायट्रॉक्साइड रेणू गर्दीतून निसटतो. तो शेजाऱ्यांच्या शिस्तीबद्दल फारसं सांगत नाही. लांबट हवा, म्हणून १९६७ मध्ये कीना आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेनच्या सांगाड्यावर नायट्रॉक्साइडचं कडं बसवलं. हा हेर रांगेत मिसळतो. अर्थात तो सांगतो ती त्याची स्वतःची चाल. शेजाऱ्यांची चाल त्यावरून ताडायची, आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्याला घालायचं अगदी चिमूटभर.

कोलेस्टेन म्हणजे कोलेस्टेरॉलचाच सांगाडा. रायनित्सरना ज्याने बुचकळ्यात टाकलं, त्याच कुळातला रेणू पुढे घरची बातमी बाहेर आणू लागला.