पिस्टन का चिकटला?

२००४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मातीचे नमुने गोळा करण्यासाठी मी आलापल्लीला मुक्काम ठोकला होता. जवळ एक जुनी, तिसऱ्या हातातली टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. एका दुपारी भामरागडच्या रस्त्यावर, पेरमिली मागे टाकल्यावर, इंजिनाचा आवाज हळूहळू दबका झाला, जोर कमी झाला आणि मी काही करायच्या आत मागचं चाक करकचून थांबलं. क्लच दाबल्यामुळे पडलो नाही एवढंच. किक खाली जाईना. दोन्ही बाजूंना पानगळ झालेला साग, सावली नावालाच, आणि संध्याकाळपर्यंत कोण येईल याची काही खात्री नाही. पाऊण तासाने किक पुन्हा खाली गेली, इंजिन सुरूही झालं. वीस-पंचवीसच्या वेगाने, दर पाच किलोमीटरला थांबत, अंधार पडता पडता परत आलो.

इंजिन 'सीज' झालं होतं. पण गार झाल्यावर ते सुटलं कसं? आधी ते पाहू या, कारण त्यात नववीच्या पुस्तकातलंच विज्ञान आहे.

सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बिडाचे असत. तापले की दोन्ही सारखेच प्रसरण पावत. बीड मात्र जड, आणि उष्णता वाहून नेण्यात मंद. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटले हा तरुण इंग्रज एका फ्रेंच मोटार कारखान्यात गेला होता. तिथे टेबलावर त्याला ॲल्युमिनियमचं एक पेपरवेट दिसलं, पिस्टनच्या आकाराचं. शोभेची वस्तू! त्याला वाटलं, खराच असा पिस्टन का करू नये? त्याने मिश्रधातूचे पिस्टन करवून घेतले, ते शर्यतीत टिकले, आणि पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही गेले.

पण या सोयीची एक किंमत होती. ॲल्युमिनियम दर अंशाला बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. माझ्या गाडीचा सिलिंडर ६५ मिलिमीटर व्यासाचा होता. समजा पिस्टनचा वरचा भाग २०० अंशांनी तापला. शुद्ध ॲल्युमिनियमचा प्रसरणांक ०.०००,०२३ धरला तर व्यास ०.३ मिलिमीटरने वाढेल. सिलिंडर १३० अंशांनी तापला तर बिडाचा ०.०००,०११ हा अंक घेऊन त्याची वाढ जेमतेम ०.०९ मिलिमीटर. म्हणजे ०.२ मिलिमीटरची जागा आधीच सोडून ठेवायला हवी. म्हणून पिस्टन वरच्या बाजूला किंचित निमुळता करतात आणि मिश्रधातूत सिलिकॉन घालून प्रसरण कमी करतात. हिशेबापेक्षा पिस्टन जास्त तापला की ही जागा संपते, तेलाचा थर फाटतो आणि ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला माखतं. गार झाल्यावर पिस्टन आकसतो आणि सुटतो. सुटला म्हणजे बरा झाला असं मात्र नाही. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावं. रेल्वेच्या रुळांमधल्या फटीचं उदाहरण मुलांना आता फार पाठ झालं आहे.)

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. मी माझं निदान तयारच ठेवलं होतं. आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या एका टपरीवरून दोन बाटल्या पेट्रोल घेतलं होतं. त्यात नक्की रॉकेल असणार! मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पिस्टन बदलून द्यायला काय, परवा देतो. पण परत चिकटला तर तुमी माझ्याच नावानं बोंबलाल. काऊन चिकटला ते आधी पाहू."

रॉकेलावरचा माझा संशय ऐतिहासिकदृष्ट्या अगदीच बिनबुडाचा नव्हता. इंजिनातल्या 'ठोक्या'चा अभ्यास खरोखर रॉकेलापासूनच सुरू झाला. अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग याने शेतकऱ्यांसाठी घरगुती वीजसंच काढले होते. ते रॉकेलवर चालत आणि आतून हातोडा मारल्यासारखे ठोके देत. त्याच सुमारास केटरिंगने मोटारींसाठी बॅटरीवरची ठिणगी-यंत्रणा केली होती, आणि ठोक्याचा दोष प्रतिस्पर्धी तिच्यावरच ढकलत होते. १९१६ मध्ये केटरिंगने हे काम टॉमस मिजली या तरुण यांत्रिक अभियंत्याकडे दिलं. मिजलीने सिलिंडरमधला दाब प्रकाशकिरणाच्या साहाय्याने टिपला. ठिणगी वेळेवरच पडत होती. दाबाची भयंकर उडी तिच्यानंतर, ज्वलन पुढे सरकत असताना येत होती. ठिणगी निर्दोष होती, दोष इंधनाचा होता.

पुढचा भाग मला फार आवडतो. केटरिंग-मिजली जोडीने तर्क केला की इंधन लाल रंगाचं असेल तर ते उष्णता जास्त शोषेल, लवकर वाफ होईल आणि ठोका थांबेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडिन घातलं. ठोका थांबला! इथेच थांबून त्यांना टाळ्या घेता आल्या असत्या. पण मिजलीने दुसरे लाल रंग आणून घातले. काही फरक नाही. मग आयोडिनचं एक रंगहीन संयुग घातलं. ठोका पुन्हा थांबला. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडिनचा होता. परिणाम खरा आणि कारण खोटं, अशी जोडी निदानात नेहमी भेटते. ती फोडण्याचा याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

याच वाटेने ९ डिसेंबर १९२१ रोजी ते टेट्राएथिल लेडपर्यंत पोचले. ठोका गेला, आणि शिसं जगभरच्या धुरात आलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मेले, तरी ते थांबलं नाही. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंविरहित पेट्रोल सर्वत्र आलं. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं काढणारा शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये. इंजिनाचं निदान अचूक होतं. औषधाचं काय झालं ते सगळ्या जगाने एक शतक भोगलं.

आता पुन्हा आलापल्ली. मिस्त्रीने प्लग काढला. टोक पांढरट, कोरडं. याचा अर्थ इंजिन फार तापलं, किंवा हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग विटकरी-तपकिरी असतो, पेट्रोल जास्त झालं की काजळी धरतो. मग हेड आणि ब्लॉक उतरवला. पिस्टनच्या माथ्यावर त्याने बोट फिरवलं. ठोका खाल्लेल्या पिस्टनच्या कडेला वाळू मारल्यासारखे खड्डे पडतात. तसे नव्हते. ओरखडे होते ते धूर बाहेर जातो त्या बाजूला, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या बाजूला. ऑइल घालायला विसरलो असतो तर ते चहूबाजूंनी दिसले असते.

टपरीवरच्या पेट्रोलची एक बाटली मी ऑइल न मिसळता तशीच ठेवली होती. माझ्याजवळ फिल्टर पेपर होते. त्यावर थेंब टाकला. दोन मिनिटांत उडून गेला, डाग राहिला नाही. रॉकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता. (टाकीतल्या पेट्रोलवर ही परीक्षा चालत नाही. त्यात ऑइल असल्यामुळे डाग पडणारच.) टपरीवाला सुटला.

मी उन्हाकडे बोट दाखवलं. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर. सिलिंडरचे पंखे १८० अंशांवर धरले तर २० अंशांच्या हवेत तापमानाचा फरक १६०, आणि ४५ अंशांच्या हवेत १३५. म्हणजे थंडावा सुमारे १६ टक्क्यांनी कमी. हे कमी नाही. पण मग गावातल्या सगळ्याच टू-स्ट्रोक त्या आठवड्यात चिकटायला हव्या होत्या. शिवाय गरम हवा विरळ असते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण उलट थोडं वाढतं. पांढरा प्लग त्याने समजत नाही.

मिस्त्रीने मग एकच प्रश्न विचारला. "रेस सोडल्यावर गाडी लगेच उतरे का?"

नव्हती उतरत. पंधरा दिवसांपासून रेस सोडली तरी इंजिन थोडा वेळ भणभणत राहायचं. मीच कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून ते 'दुरुस्त' केलं होतं. लक्षण झाकलं होतं, आजार नाही.

ते लक्षण कळायला टू-स्ट्रोकची जन्मकथा हवी. डुगल्ड क्लर्क या स्कॉटिश अभियंत्याने १८८१ मध्ये दोन फटक्यांच्या इंजिनाचं पेटंट घेतलं, पण त्यात मिश्रण भरायला वेगळा पंप लागे. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने १८९१ मध्ये तो पंप काढून टाकला आणि पिस्टनखालची बंद पेटीच पंप म्हणून वापरली. पुढल्याच वर्षी त्याच्याकडच्या फ्रेडरिक कॉकने झडपाही घालवल्या. पिस्टन वरखाली होताना स्वतःच छिद्रं उघडतो, झाकतो. उरले तीन मुख्य हलणारे भाग: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. म्हैसूरला १९६१ पासून बनलेली जावा असो की पोलिश नमुन्यावरची राजदूत, जंगलातल्या मिस्त्रीला झाडाखाली उघडता येतील अशी ही इंजिनं होती. पण पेटीच पंप झाल्यामुळे तिच्यात ऑइल भरून ठेवता येत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. म्हणून लांब उतारावर रेस बंद करून गाडी सोडली की पेट्रोलबरोबर ऑइलही थांबतं. आणि पेटी हवाबंद नसेल तर भलत्याच वाटेने हवा आत येते, जिच्याबरोबर ना पेट्रोल येतं, ना ऑइल.

मिस्त्रीने मॅग्नेटोचं झाकण उघडलं. क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी ऑइल सील कडक होऊन तडकलं होतं आणि आजूबाजूला तेलाचा ओलसर काळा थर होता. पेटीत दाब वाढला की तिथून तेल बाहेर, ओढ लागली की हवा आत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठेवून आणि मूठ कानाला लावून त्याने बेअरिंगचा आवाज आदल्या दिवशीच ऐकून ठेवला होता. बेअरिंग ठीक होतं.

सील पिस्टनच्या मानाने अगदीच स्वस्त पडलं. ब्लॉक बोअर करायला बल्लारपूरला पाठवला, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, गोणपाटात गुंडाळून. चौथ्या दिवशी तो परत आला. ओव्हरसाइज पिस्टन बसला आणि पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर जायचं नाही अशी तंबी मिळाली.

ती तंबी पाळत भामरागडला जाताना वाटेत त्याच टपरीवर थांबलो आणि दोन बाटल्या पेट्रोल घेतलं. "मागच्या वेळी काही त्रास नाही न झाला?" त्याने सहज विचारलं. मी नाही म्हणालो.