पेनसिल्व्हेनिया रायफल व मृगया

उत्तर अमेरिकेतील वसाहतकाळात हरणांच्या व लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी विकसित झालेली, लांब नळीची ठासणीची रायफल. पुढे ती ‘केंटकी रायफल’ या नावानेही प्रसिद्धीस आली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन व स्विस कारागिरांनी मध्य यूरोपातील आखूड व रुंद नळीच्या शिकारी रायफलीत बदल करून ती घडविली.

सीमेवरील वसाहतवाल्यांना शिसे व दारू दुरून आणावी लागे. त्यामुळे काटकसर हेच या रायफलीच्या रचनेचे मुख्य सूत्र ठरले. १ किग्रॅ. शिशापासून १५ मिमी. व्यासाच्या सु. ५० गोळ्या होतात, तर ११ मिमी. व्यासाच्या सु. १२५ होतात. म्हणून नळीचा अंतर्व्यास कमी करण्यात आला व तिची लांबी १ मी. वा त्याहून अधिक ठेवण्यात आली. खारीसारख्या प्राण्यांसाठी याहूनही बारीक नळी वापरीत. कारण जड गोळीने त्यांचे मांस वाया जाई.

तेलकट कापडाच्या तुकड्यात बसविलेली गोळी गजाने ठासीत. हे कापड नळीतील सर्पिल खोबणींत घट्ट बसून गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती देई आणि त्यामुळे नेम अचूक लागे. चाप ओढताच गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. प्रथम रंजक व नंतर नळीतील दारू पेटे. या क्षणभराच्या विलंबात हात स्थिर राखावा लागे. दुसरा बार भरेपर्यंत सावज निसटून जाई. साहजिकच शिकारी जवळ जाऊन, हरणाच्या खांद्यामागील मर्मस्थानी नेम धरूनच बार काढी.

तथापि शस्त्राच्या संथपणामुळे हरणांचे रक्षण झाले नाही. कॅरोलायनातून १६९९ ते १७१५ या काळात प्रतिवर्षी सरासरी सु. ५४,००० हरणांची कातडी निर्यात झाली. यांतील बहुतेक हरणे अमेरिकन इंडियन शिकाऱ्यांनी साध्या नळीच्या, एकबारी बंदुकांनी मारली होती. पुढे व्यापारी शिकार, जंगलतोड व जलद भरता येणाऱ्या रायफली यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीचे हरिण पेनसिल्व्हेनियातही विरळ झाले.

त्याला वाचविले ते कायद्याने. राज्यात १८९५ मध्ये शिकार आयोग स्थापन झाला. १९०६ मध्ये बाहेरून हरणे आणून सोडण्यास प्रारंभ झाला आणि १९०७ मध्ये मादीच्या शिकारीस बंदी करण्यात आली. पुढे हरणांची संख्या इतकी वाढली, की मादीच्या नियंत्रित शिकारीस अनुज्ञा द्यावी लागली. १९७४ मध्ये याच राज्याने केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. एकेकाळी नाइलाजाने पाळावी लागणारी एका बाराची मर्यादा अशा रीतीने नियमाने स्वीकारलेली मर्यादा बनली.