झांकलेलीं पानें

पत्ते खेळणें आमच्या सुशिक्षित घरांत निंद्य मानिलें जात नाहीं. पैसे लावून खेळणें मात्र मानिलें जातें. पोकर या अमेरिकन खेळांत हा भेद करितांच येत नाहीं. लावलेला पैसा हीच तेथील बोली. ती वगळल्यास खेळ मुका होतो. म्हणूनच यांत दैव किती आणि बुद्धि किती, हा प्रश्न या खेळाच्या सदैव मागें लागला आहे. त्याचें उत्तर आम्हांस पोकरच्या निरनिराळ्या प्रकारांच्या इतिहासांत शोधावेंसें वाटतें. जोडी, तिकडी, क्रम, एकरंग अशा रचनांपैकीं ज्याची अधिक दुर्मिळ त्याचा डाव, किंवा इतरांनीं भिऊन पानें टाकलीं तर उरेल त्याचा डाव, हा नियम सर्वत्र एकच. बदलत गेलें तें मुख्यतः झांकलेल्या व उघड्या पानांचें प्रमाण.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यांत, न्यू ऑर्लिन्सच्या आसपास, हा खेळ उदयास आला. फ्रेंचांच्या ‘पोक’ नामक डावाशीं त्याच्या नांवाचा संबंध बहुतेक अभ्यासक जोडतात. जो कॉवेल या इंग्रज नटानें १८२९ सालीं आगबोटीवर तो पाहिला व १८४४ सालीं आपल्या आठवणींच्या पुस्तकांत त्याचें वर्णन छापिलें. त्या काळीं कॅटांत वीसच पानें असत: एक्के, राजे, राण्या, गुलाम व दश्श्या. चौघांस पांच-पांच वांटलीं कीं एकहि पान शिल्लक राहत नसे. हातचें पान बदलतां येत नसे, दुसऱ्याचें दिसत नसे. वाचावयास उरे तो पणाचा आंकडा व समोरचा चेहरा.

पुढें बावन्न पानांचा कॅट रूढ झाला आणि ‘ड्रॉ’ हा प्रकार निघाला. यांत पहिल्या पणानंतर नकोशीं पानें टाकून तितकींच नवीं घ्यावयाचीं. कोणीं किती पानें बदललीं, एवढा सुगावा आतां प्रतिपक्षास मिळूं लागला. अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) सुमारास ‘स्टड’ आला: एक पान झांकलेलें, चार उघडीं, आणि प्रत्येक उघड्या पानागणिक नवा पण. सात पानांच्या स्टडमध्यें तीन झांकलेलीं व चार उघडीं असून त्यांतून उत्तम पांच निवडावयाचीं असतात. विसाव्या शतकांत टेक्ससमध्यें वाढलेल्या ‘होल्डेम’नें उघडीं पानें सर्वांच्या सामाईक मालकीचीं केलीं. प्रत्येकाच्या हातीं दोन गुप्त, मध्यें पांच सामाईक. तीं आधीं तीन, मग एक, मग एक अशीं उघडतात. ‘ओमाहां’त गुप्त पानें चार, पण त्यांतील नेमकीं दोनच वापरावीं लागतात.

उघडीं पानें वाढलीं म्हणजे हिशेबास वाव वाढतो. तरी कायद्याची दृष्टि उलट पडली. कॅलिफोर्नियानें १८८५ सालीं निषिद्ध खेळांच्या यादींत स्टडचें नांव घातलें. ड्रॉचें त्यांत नव्हतें. आमच्याकडे दिवाळींत मांडली जाणारी तीन पत्ती इंग्रजांच्या ‘ब्रॅग’च्या वंशांतली, म्हणजे पोकरची चुलत बहीण. तिच्यांत स्वतःचीं पानें न पाहतां खेळणाऱ्यास पाहणाऱ्याच्या निम्म्या पणावर भागवितां येतें. अज्ञानास सवलत आणि ज्ञानावर कर!

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसह १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पोकरचा विचार करून दाखविलें कीं, हलक्या पानांवर अधूनमधून हूल देणें हा हिशेबाचाच भाग आहे. तेव्हां या खेळांत बुद्धि आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु ती दिसते शेंकडों डावांच्या सरासरींत. घर मात्र एका रात्रींत जातें. कोणताहि प्रकार घ्या, निदान एक पान झांकलेलें राहतेंच, आणि कोठें थांबावें हें कोणत्याच प्रकाराचा नियम शिकवीत नाहीं. सर्वस्व एकदां जाऊन परत मिळालें असतांहि युधिष्ठिर दुसऱ्या बोलावण्यावर द्यूतास बसला. पुढें काय वाढून ठेविलें आहे, हें त्या वेळीं कांहीं झांकलेलें नव्हतें.