‘त्या काळात कुणालाच गैर वाटलं नव्हतं’ हे खरं नाही

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मनी आणि जपानमधली शहरंच्या शहरं जाळली, हा विषय निघाला की समर्थन ठरलेलं असतं. युद्ध सर्वंकष होतं, सुरुवात हिटलरने केली, आणि तेव्हा यात कुणालाच काही गैर वाटलं नव्हतं. मग आजची फूटपट्टी तेव्हाच्या माणसांना का लावायची? यातली मधली गोष्ट खरी आहे. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री यांचा विध्वंस नाझींनी केला, आणि एकट्या ब्रिटनमध्ये जर्मन बॉम्बांनी ४० हजारांहून अधिक नागरिक मारले. पण शेवटचा दावा साफ खोटा आहे. सगळ्या समर्थनाचा भार त्याच्यावरच आहे, म्हणून तो आधी तपासला पाहिजे.

फूटपट्टी आजची नव्हेच. जून १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत स्वच्छ सांगितलं होतं की, नागरिकांवर मुद्दाम हल्ला करणं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे. १ सप्टेंबर १९३९ ला रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या सर्व देशांना खुल्या शहरांवर आणि नागरी वस्तीवर बॉम्ब न टाकण्याचं आवाहन केलं, आणि ब्रिटनने ते मान्य केलं. नियम त्यांचा होता, शब्द त्यांनी दिला होता.

मग बदल कशामुळे झाला? ब्रिटिश बॉम्बफेकीची तपासणी करणाऱ्या ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालाने हवाई छायाचित्रं तपासून दाखवून दिलं की, ‘लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचत होती. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नव्हता. शहर मात्र सापडत होतं. हवाई मंत्रालयाच्या १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जर्मन नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं मनोधैर्य हे लक्ष्य ठरवलं. दुसऱ्याच दिवशी हवाईदल प्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी खुलासा केला की, नेम धरायचा तो दाट वस्तीवर, गोदी किंवा विमानांच्या कारखान्यांवर नव्हे. आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश विमानदलाच्या बॉम्बफेकी शाखेचे, प्रमुख झाले ते यानंतर. सगळं पाप एकट्या हॅरिसच्या माथी मारणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. मार्चअखेर चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी, किती बॉम्ब टाकले तर किती जर्मन बेघर होतील, याचा हिशेबच मांडला.

हा हिशेब कागदावर थांबला नाही. १९४३ मध्ये अमेरिकेने युटाच्या वाळवंटात, डगवे इथे, जर्मन आणि जपानी घरांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या. जर्मन घरांचा आराखडा एरिक मेंडेलसन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू वास्तुरचनाकाराच्या मदतीने झाला. जपानी घरांसाठी टोकियोत अनेक वर्षं काम केलेल्या अँटोनिन रेमंडला बोलावलं. लाकडाची जात, छपराचा उतार, खोलीतलं सामान, जपानी घरांत जमिनीवरच्या तातामी चटया, सगळं अस्सल हवं होतं. मग आगलावे बॉम्ब टाकून कोणती खोली किती वेळात पेटते याची नोंद घ्यायची, आग विझवायची, घर दुरुस्त करायचं आणि पुन्हा जाळायचं. पलंग आणि चटई कशी जळते हे ज्यांनी इतक्या बारकाईने पाहिलं, ते ‘कारखान्यांवर नेम धरला, घरं चुकून जळली’ असं म्हणू शकत नाहीत.

आणि तरी ब्रिटिश संसदेत तेच सांगितलं जात होतं. कामगार पक्षाचे खासदार रिचर्ड स्टोक्स पुनःपुन्हा सरळ प्रश्न विचारत, आणि हवाईमंत्री आर्चिबाल्ड सिंक्लेअर लष्करी लक्ष्यांचीच भाषा वापरत राहिले. हॅरिसला ही लपवाछपवी मंजूर नव्हती. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याने हवाई मंत्रालयाला लिहिलं की, जर्मन शहरं नष्ट करणं आणि जर्मन कामगार मारणं हाच आपला उद्देश आहे, आणि तो उघड सांगावा. मंत्रालयाने ते केलं नाही. मला तर हाच सर्वात मोठा पुरावा वाटतो. समाजाला मान्य असलेली गोष्ट सरकार आपल्याच संसदेपासून लपवत नाही.

लपवण्यामागे कारण होतं, कारण विरोध करणारी माणसं होती. ९ फेब्रुवारी १९४४ ला चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल उमरावांच्या सभागृहात बोलायला उभे राहिले. ते जर्मनधार्जिणे होते म्हणावं, तर १९३३ पासून ते नाझींविरुद्ध बोलत होते, निर्वासितांना आधार देत होते. १९४२ मध्ये स्वीडनमध्ये जर्मन पाद्री डीट्रिश बोनहोफर यांना भेटून हिटलरविरोधी कटाची माहिती त्यांनी ब्रिटिश सरकारपर्यंत पोचवली होती. त्यांचं म्हणणं नेमकं होतं: युद्धसामग्रीचे कारखाने आणि रेल्वे यांच्यावर हल्ला करा, त्यात नागरिक मेले तर तो वेगळा प्रश्न. पण शहराच्या एका भागात कारखाने आहेत म्हणून सबंध शहर नष्ट करणं यात साधन आणि साध्याचं प्रमाणच उरत नाही. त्याच वर्षी लेखिका व्हेरा ब्रिटन यांनी याविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि अमेरिकेत जॉन फोर्ड या जेझुइट धर्मशास्त्र्याने निरपराधांना न मारण्याच्या जुन्या तत्त्वावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. ही माणसं अल्पमतात होती, त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण बहुसंख्य गप्प होते म्हणून कुणालाच कळत नव्हतं, असा अर्थ काढता येत नाही.

आता ‘नाइलाज होता’ हा मुद्दा. १९४१-४२ मध्ये जर्मनीवर घाव घालायला ब्रिटनकडे दुसरं साधन फारसं नव्हतं, हे मान्य. १९४३ च्या ऱ्हूर खोऱ्यावरच्या हल्ल्यांनी जर्मन शस्त्रोत्पादनाची वाढ रोखली आणि तोफा व लढाऊ विमानं मायदेशाच्या बचावात गुंतवून ठेवली, हेही मान्य. पण सर्वाधिक बॉम्ब पडले ते युद्धाच्या अखेरच्या वर्षात. मे १९४४ पासून कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवरच्या हल्ल्यांनी जर्मन विमानदलाचा प्राण कोंडला, आणि हॅरिस त्या मोहिमेबद्दल कुरकुरतच राहिला. ड्रेस्डेन जळलं १३ फेब्रुवारी १९४५ पासून, फोर्झहाइम २३ फेब्रुवारीला, वुर्त्सबुर्ग १६ मार्चला. ९-१० मार्चच्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसं मेली. १९४१ चा नाइलाज १९४५ ला लावता येत नाही. २८ मार्चला खुद्द चर्चिल यांनी लिहिलं की, सबबी वेगळ्या सांगून केवळ दहशत वाढवण्यासाठी चाललेल्या या बॉम्बफेकीचा फेरविचार व्हावा. विमानदलाने आक्षेप घेतल्यावर त्यांनी ते टिपण मागे घेऊन सौम्य केलं. पण पहिल्या मसुद्यात मनातलं उतरलं होतं.

ब्रिटनच्या या बॉम्बफेकीचं आपल्याला, भारतीयांना, तरी नवल वाटायला नको. मे १९१९ मध्ये ब्रिटिश विमानाने काबूलवर बॉम्ब टाकले होते, आणि वायव्य सरहद्दीवर व इराकमध्ये गावांवर बॉम्बफेक हा स्वस्त बंदोबस्त म्हणून रुळला होता. हॅरिसने १९२० च्या दशकात याच दोन ठिकाणी विमानांच्या तुकड्या चालवल्या. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत बॉम्बफेकीवर बंदी घालण्याची चर्चा झाली, तेव्हा ब्रिटनने दूरच्या प्रदेशांतल्या ‘पोलिसी’ कामासाठी सवलत मागितली. हिटलरने सुरुवात केली म्हणताना सरहद्दीवरच्या वझिरिस्तानातली ती गावं कुणाच्या हिशेबात धरायची?

एक इशारा आमच्या बाजूच्या लोकांनाही हवा. ड्रेस्डेनचा आकडा गोबेल्सच्या खात्याने दोन लाखांपर्यंत फुगवला आणि नवनाझी तो अजून फिरवतात. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये कमाल २५ हजार हा निष्कर्ष दिला. पंचवीस हजार माणसं पुरेशी आहेत. त्यांच्या मरणाचा वापर आउश्वित्झ झाकण्यासाठी होत असेल, तर तो त्या मृतांचाही अपमान आहे.

राहिला तो वैमानिकांचा प्रश्न. टीका केली की त्या पोरांचा अपमान होतो, असं म्हणतात. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मारले गेले. बहुतेक जेमतेम विशीतले, आणि ठरलेल्या सगळ्या मोहिमा संपवून जिवंत परतणं हेच त्यांच्यासाठी आश्चर्य होतं. त्यांना लक्ष्य निवडायचं नव्हतं, नकाशावरची खूण त्यांच्या हाती दिली जात होती. अपमान केला तो ज्यांनी त्यांना रात्री धाडलं आणि सकाळी संसदेत वेगळंच सांगितलं, त्यांनी. युद्ध संपल्यावर कमांडला स्वतंत्र मोहीमपदक मिळालं नाही. हयात राहिलेल्यांना पदकाच्या फितीवर लावायची पट्टी मिळाली ती २०१३ मध्ये.